गाईचं कॅल्शियम, माझा रिपोर्ट आणि लीलाबाईचा पाय

पणदरे, ता. बारामती
फाल्गुन, सोमवार, सकाळचं दूध डेअरीला गेल्यावर

तीर्थस्वरूप भागूआक्का हिच्या चरणी धाकट्या रामहरीचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (गुडघे अजून टेकतात आणि टेकल्यावर कुणाचा हात न धरता उठताही येतं, हे मुद्दाम कळवतो). डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढल्यापासून तुला नरसिंहपूरच्या देवळाचा कळस अंगणातून दिसतो असं ऋषिराज फोनवर म्हणाला. ऐकून फार बरं वाटलं. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. नातू आहे म्हणून त्यालाच सारखं हाका मारू नकोस, त्यालाही त्याची नोकरी आहे. इकडे पाऊसपाणी, ऊस, गाई सगळं उत्तम आहे. माझी तब्येत तर इतकी उत्तम आहे की तिच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, ते पुढे येईलच.

तुमच्या गावची सारजा गेल्या आठवड्यात इथं माहेरी आली होती. परत आल्यावर तिनं तुला काय काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे, कारण तिनं तेच आधी इथल्या एसटी थांब्यावर सांगून पाहिलं. एक, रामहरी गाईचं औषध पितो. दोन, लीलाबाईचा पाय भाजला आणि तिला कळलंसुद्धा नाही. आक्का, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सारजानं त्या एकमेकींना जोडल्यात कशा, तर म्हणे नवऱ्याच्या त्या औषधाच्या वासानं बायकोला भोवळ आली आणि ती चुलीत पडली. हे साफ खोटं आहे. चुलीत कुणीही पडलेलं नाही. लीलाबाई हिंडतेफिरते आहे, वरची जखम भरत आली आहे. काळजी आहे ती आतल्या गोष्टीची, आणि त्यासाठीच हे पत्र. फोन का नाही केला म्हणशील तर घरातला फोन लीलाबाईच्या कमरेला असतो, आणि दुसरं म्हणजे फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तेव्हा पहिल्यापासून सांगतो. दिवाळी झाल्यावर आपल्या देवळाच्या सभामंडपात साठीच्या पुढच्यांसाठी रक्ततपासणीचं शिबिर भरलं होतं. मी गेलो, लीलाबाईलाही नेलं. खरं तर मला जाण्याचं कारण नव्हतं. तीस वर्षं कारखान्याच्या शेती खात्यात ओव्हरसिअर म्हणून काढलेल्या माणसाला कुठं काय कमी आहे हे दुसऱ्यानं सांगायची गरज नसते. तुला आठवत असेल, मी मोटारसायकलवरून न उतरता नुसतं उसाचं पान बघून सांगायचो, शिरा हिरव्या आणि मधली पट्टी पिवळी, म्हणजे लोह कमी पडलंय. डाळजच्या एका बागायतदारानं माझी परीक्षा घ्यायची म्हणून माती आधीच तपासून आणली होती आणि कागद खिशात ठेवला होता. मी बांधावरूनच जस्त म्हणालो. त्यानं कागद काढला तर जस्तच. तो माणूस आजही दिसला की गाडी थांबवून हात जोडतो.

आठवड्यानं दोन पाकिटं आली. माझं मी तिथल्या तिथं फोडलं. तिचं तिनं पदराखाली घेतलं आणि कालवण करपेल म्हणून आत गेली. माझ्या कागदावर दोन गोष्टींना चौकट केली होती. पहिली, ड जीवनसत्त्व अकरा, जे निदान तीस तरी पाहिजे. दुसरी, गेल्या तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक तीन, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. आता मला सांग, ज्या कारखान्यात मी हयात घालवली तिथं साखरेचा उतारा अकराच्या वर गेला की पेढे वाटतात, आणि माझा सहा पूर्णांक तीन आला तर दीपकनं बारामतीहून फोन करून एवढा आरडाओरडा केला की जणू मी कारखानाच बुडवला. (मुलगा आहे, काळजीनंच बोलतो. पण कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून त्याला बापसुद्धा शिफ्टमधला वाटतो.) त्यानंच मला बारामतीच्या डॉक्टर आसावरींकडे नेलं. पोरगी चाळिशीच्या आतली, शांत, हसरी. तिनं विचारलं, आजोबा, आयुष्य शेतात गेलं ना, मग ऊन कसं मिळत नाही? मी म्हणालो, शेत माझं आहेच, रोज चक्कर असते. ती म्हणाली, चक्कर किती वाजता? मी म्हणालो, संध्याकाळी सहाला. मग दिवसा शेतात कोण असतं? खरं बोलायची सवय, म्हणून सांगितलं, दिवसा सिद्धू असतो, मी ओसरीत पेपर वाचतो. त्यावर तिनं लिहून दिलं ते असं की सकाळी अर्धा तास ऊन, रोज चालणं, गोड कमी, ताटात डाळी-भाज्या जास्त, आणि ड जीवनसत्त्वाची पावडर आठवड्यातून एक पुडी दुधातून, अशा आठ पुड्या.

इथं माझं शेतीचं ज्ञान आडवं आलं, हे मी मोकळ्या मनानं कबूल करतो. उसाची लागण करताना जमिनीत सुरुवातीलाच खताचा भरभक्कम हप्ता घालतात, त्याला आम्ही बेसल डोस म्हणतो. तो चुकला की पुढं कितीही ओता, उपयोग नाही, हे मी हजारो लोकांना ओरडून सांगितलंय. मग जे लोकांना सांगायचं ते स्वतः करायचं नाही का? मी आठ आठवड्यांच्या आठ पुड्या आठ दिवसांत घेतल्या. आणि त्याच आठवड्यात गोठ्यात उभा असताना माझं लक्ष गाईच्या कॅल्शियमच्या कॅनकडं गेलं. व्यालेल्या गाईला आपण पाजतो ते पांढरं पातळ औषध. त्याच्यावर लिहिलंय काय, तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-बारा. जे डॉक्टर मला मोजून मोजून देत होती ते माझ्या गोठ्यात कॅननं पडलं होतं. मी काही अडाणी माणूस नाही, त्रैराशिक मांडलं. गाईचं वजन साडेचारशे किलो, तिला शंभर मिली. माझं वजन बहात्तर, म्हणजे मला बरोबर सोळा मिली. खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून घ्यायचो. चव वाईट नाही, थोडी बडीशेपेसारखी, पण नंतर जिभेवर चुना लावल्यासारखं होतं. सिद्धूनं पहिल्या दिवशी पाहिलं आणि कॅनचं झाकण घट्ट लावून ठेवलं. (सिद्धू पन्नाशीचा गडी आहे, वीस वर्षं आपल्याकडं आहे, मला काय सांगायचं आणि काय नाही हे त्याला कळतं.)

तीन आठवड्यांत माझं तोंड कोरडं पडायला लागलं, अन्नावरची वासना उडाली, आणि सकाळच्या विधीबद्दल बहिणीला काय लिहावं, एवढंच सांगतो की त्या आठवड्यात मी पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या. दीपकनं पुन्हा बारामतीला नेलं. रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं. डॉक्टर आसावरींनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. मी टोपणाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं की ब-वर्गातलं जास्त झालेलं बहुतेक लघवीवाटे निघून जातं, पण ड जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवतं, आणि साठून साठून ते मूत्रपिंडांना जड जातं, तेव्हा आजपासून पुड्या बंद, गाईचं औषध गाईला. मी त्रैराशिक दाखवलं. त्या म्हणाल्या, गणित बरोबर आहे, जनावर चुकलंय. इकडे गावात आमचे गुरांचे डॉक्टर मला डेअरीवर भेटले तर चार माणसांत गंभीर चेहऱ्यानं विचारतात, ओव्हरसिअरसाहेब, दूध किती वाढलं? मी तिथून सरळ घरी आलो आणि दोन दिवस डेअरीवर सिद्धूलाच पाठवलं.

पण मी हार मानणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. कॅल्शियम जागेवर आल्यावर मी सगळं शास्त्रशुद्ध हाती घेतलं. कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं तक्ता आखला आणि ओसरीत लावला. सकाळी साडेसहाला भिजवलेले मेथीदाणे. साडेनऊला गच्चीवर उघड्या पाठीनं ऊन (शेजारच्या भिंतीवरून बायका धुणं वाळत घालायच्या बंद झाल्या, त्याला माझा इलाज नाही). साडेअकराला जेवण, त्यात ज्वारीची भाकरी दीड, मोड आलेली मटकी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, ताक एक तांब्या, साखर-गूळ नाही. चारला शेंगदाणे मूठभर. संध्याकाळी कालव्यापर्यंत चालणं. रात्री आठच्या आत मुगाचं धिरडं आणि कपभर दूध. दोन महिने एक दिवस चुकलो नाही. माघात पुन्हा रक्त दिलं. ड जीवनसत्त्व चौतीस, साखर सहाच्या खाली, पाच पूर्णांक नऊ. आक्का, त्र्याहत्तराव्या वर्षी असा रिपोर्ट आमच्या पंचक्रोशीत कुणाचा नाही. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायला लागलो. डेअरीवर, पारावर, सोसायटीत ज्यानं विचारलं त्याला दाखवला. ज्यांनी नाही विचारलं त्यांनाही दाखवला. दोघातिघांनी तक्ता उतरवून नेला. गुरुवारी बारामतीला जाऊन डॉक्टर आसावरींनाही एकदा दाखवून यायचं ठरवलं.

त्या गुरुवारी सकाळी मी आंघोळीला बसलो होतो. मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापवतो आपण, तुला माहीतच आहे. लीलाबाई चुलीवरून हंडा उतरवून बादलीत पाणी ओतत होती आणि मी तिला सांगत होतो की रिपोर्टची दुसरी प्रतही काढून ठेवावी. बोलता बोलता मला जळल्याचा वास आला. कापड नव्हतं, केस नव्हते, वेगळाच वास होता. खाली पाहिलं तर चुलीतून एक निखारा घरंगळून आला होता आणि लीलाबाई त्याच्यावर उभी होती. अनवाणी. आणि पाणी ओतत होती. हंडा रिकामा झाला, तिनं तो खाली ठेवला, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, असं काय बघताय, लई गरम झालं का? मी पायाकडं बोट केलं. तिनं पाहिलं, पाय उचलला, निखारा बाजूला सारला आणि पदर खोचला, जणू चपलेला शेण लागलं होतं. आक्का, मी आयुष्यात कशाला भ्यालो नाही, पण त्या क्षणी भ्यालो. ओलेत्यानंच तिला पाटावर बसवलं. तळव्याला रुपयाएवढं चामडं पांढरं पडलं होतं, आणि मी बोट लावलं तरी ती म्हणत होती, दुखत न्हाय हो.

तसाच तिला घेऊन बारामतीला गेलो. डॉक्टरनं जखम धुतली, मलमपट्टी केली आणि मग एक कापसाची वात घेऊन तिच्या दोन्ही पायांवरून फिरवली. डोळे मिटायला सांगून विचारलं, आता कुठं लागतंय? घोट्याच्या खाली तिला काही कळतच नव्हतं. विचारल्यावर एकेक निघायला लागलं. वर्षभर पायाला मुंग्या येत होत्या. हातातून भांडी पडत होती. अंधारात चालताना जमीन पायाखाली आहे की नाही ते समजत नव्हतं, म्हणून भिंतीला धरून चालत होती. मला वाटायचं, वयानं सावकाश चालते. डॉक्टरनं विचारलं, शिबिरात रक्त दिलं होतं ना आजी, कागद कुठाय? तो कागद, आक्का, दीपकनं घरी येऊन शोधला तेव्हा सैपाकघरातल्या फळीवर लोणच्याच्या बरणीखाली सापडला. पाकीट फोडलेलंच नव्हतं, त्यानं ते फोडून फोनवर डॉक्टरला वाचून दाखवलं. आत बी-बारा अठ्ठ्याण्णव, जे दोनशेच्या वर पाहिजे. साखरेच्या गोळ्या ती नऊ वर्षं घेते हे तुला माहीत आहे. त्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की शरीराला बी-बारा नीट घेता येत नाही, वयानं पोटही कमी घेतं, आणि ती पडली शाकाहारी, म्हणजे मिळायचं ते दुधादह्यातून. तर डॉक्टर म्हणाली, गोठ्यात गाई आहेत, दूध भरपूर घेत असाल. आणि लीलाबाई खाली बघून म्हणाली, म्या कोराच च्या घेते. घरात चार गाई आहेत, सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीस लिटर दूध डेअरीला जातं, आणि ही बाई डेअरीचा कॅन उणा दिसू नये म्हणून किती वर्षं कोरा चहा पिते ते मला त्या दिवशी कळलं.

मग डॉक्टरनं माझ्याकडं वळून एक साधा प्रश्न विचारला.

"आजोबा, घरात आधी कोण जेवतं?"

मला वाटलं माझ्या तक्त्याबद्दल विचारते. मी ताठ बसून म्हणालो, "मीच. साडेअकराला, एक मिनिट इकडंतिकडं नाही."

"आणि आजी?"

खरंच सांगतो, मला माहीत नव्हतं. लीलाबाईलाच विचारलं तर म्हणाली, तुमचं झालं, सिद्धूचं झालं, कुनी आलंगेलं झालं, भांडी झाली, की मग दोन-अडीचला. आणि काय खाता? तर राहिलेलं. माझ्यासाठी मटकीला मोड तिनं आणले, शेवग्याचा पाला तिनं ओरबाडला, धिरडी तिनं केली, मेथीदाणे रात्री भिजत तिनं घातले. ते सगळं मोजून एका माणसाचंच व्हायचं. ती स्वतः आदल्या दिवसाची भाकरी तव्यावर गरम करून लाल चटणीशी खायची आणि वर कोरा चहा. साखरेची गोळी सकाळी सातला आणि जेवण अडीचला. मध्येच गरगरलं तर गुळाचा खडा तोंडात टाकायची. माझ्या खिशात पाच पूर्णांक नऊचा रिपोर्ट होता. तो मी त्या दिवशी बाहेर काढला नाही. ज्या माणसाला रस्त्यावरून दुसऱ्याच्या शेतातलं पान कळत होतं, त्याला समोर वाढणारी बायको कळली नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच लिहितो.

आता उपचारांचं ऐक, म्हणजे जीव भांड्यात पडेल. बी-बाराची इंजेक्शनं चालू आहेत, एक दिवसाआड. ती अजिबात कुरकुर न करता घेते. सुईला ती कधीच भ्याली नाही. मुंग्या थोड्या कमी झाल्या आहेत, भांडी या आठवड्यात एकच पडलं. पण पायातली जाणीव किती परत येईल ते डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाही. म्हणते, जे झालंय ते सावकाश सुधारेल, कदाचित पूर्ण नाही सुधारणार, पण यापुढं बिघडू द्यायचं नसेल तर आजींनी दुधाचा चहा, दही, डाळ घेतली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे गोळी घेतल्यावर अकराच्या आत पोटभर ताजं जेवलं पाहिजे. नाहीतर पाय तर जाईलच, कधीतरी भोवळ येऊन चुलीपुढंच पडेल आणि सारजाचं खरं होईल. म्हणजे औषधाची बाजू मी पूर्ण मार्गी लावली आहे. राहिली आहे ती फक्त जेवणाची किरकोळ बाब.

त्या किरकोळ बाबीसाठी मी काय काय केलं ते थोडक्यात लिहितो. प्रथम मी तक्त्यात तिच्यासाठी वेगळा रकाना पाडला. तिनं तक्ता पुसून काढला, म्हणजे त्याच्यावरची धूळ. रकान्याकडं पाहिलं नाही. मग मी जाहीर केलं की तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. ती म्हणाली, बरं, आणि भाकऱ्या झाकून ठेवल्या. साडेअकरा झाले, एक झाला, तीन झाले. सिद्धू जेवून गेला. चारला माझेच डोळे फिरायला लागले आणि तिनं मुकाट्यानं ताट आणून पुढं ठेवलं. मी जेवलो. (नाही जेवलो असतो तर दोन रुग्ण झाले असते आणि गाडी चालवायला कुणी नव्हतं.) नंतर तिनं खाल्लं. तिसऱ्या दिवशी मी पहाटे उठून स्वतः भाकऱ्या थापल्या, म्हणजे ती चुलीपुढं बसणारच नाही. तिनं त्या पाहिल्या, गाईंना घातल्या आणि नवीन थापल्या. गाईंनी खाल्ल्या, एवढं नमूद करतो. रविवारी दीपक आणि सुनबाई सुप्रिया आले, त्यांनी तिला धरून पहिल्या पंगतीला बसवलं. ती बसली, ताटावर हात ठेवून सगळ्यांना काय हवं नको बघत राहिली, तीनदा उठली, आणि शेवटी तिचं ताट कधी आत गेलं कुणाला कळलं नाही. सुप्रिया मला म्हणाली, मामंजी, तुमी बोलून काय उपेग न्हाय, आत्याबाईंना हे कुनीतरी वरच्या मानसानं सांगाया पायजे.

तर असं सगळं आहे. माझी तब्येत ठणठणीत, साखर पाच पूर्णांक नऊ, ऊस तुटून गेला, खोडव्याला पाणी दिलं. तू तुझी काळजी घे, दूध बंद करू नकोस, उन्हात बसत जा, पुड्या डॉक्टर सांगेल तेवढ्याच. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद, आणि सारजा भेटली तर सांग की रामहरी आता गाईचं औषध पीत नाही, तिचं तोंड तेवढ्यापुरतं तरी बंद होईल.

तुझ्या पाठीवरचा धाकटा,
रामहरी

ता. क. – वरचा तक्ता हवा असेल तर ऋषिराजच्या फोनवर फोटो पाठवतो. त्यात पुड्यांची ओळ नाही, बघून घे.

ता. क. २ – यापुढचं ऋषिराजकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच. परवा मी लीलाबाईला सरळ विचारलं, घरात आपण दोघंच, सासू नाही, सासरा नाही, मग तू मागून का जेवतेस? तिनं तांदूळ निवडता निवडता सांगितलं, "आवं, आक्कांनी पहिल्याच दिशी सांगितलं हुतं, सून मागनं जेवती. फुडं दुसरं काय कुनी सांगितलंच न्हाय." तिच्या मनात राग नव्हता, पापड कसे लाटायचे ते सांगावं तसं सांगितलं. आणि मला तो दिवस आठवला. लग्नानंतरचा पहिला सोमवार. ती अठरा वर्षांची, भूक लागली म्हणून तुझ्या आणि आईच्या शेजारी ताट घेऊन बसली. तू तिच्या पुढचं ताट उचललंस आणि हे वाक्य बोललीस. तू तरी काय करशील, तुला तुझ्या सासरी तेच शिकवलं होतं. मी दारात उभा होतो. मी पाहिलं आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेलो. तुझी चूक त्या दिवसापुरती आहे आक्का, माझी पन्नास वर्षांची आहे. ती माझं ऐकत नाही, कारण सैपाकघरात माझा हुकूम कधी नव्हताच. दीपकचं ऐकत नाही, कारण तो तिचं लेकरू. आई गेली. तो शब्द परत घेऊ शकेल असं या जगात आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून ये. तिच्या हातचं काही खाऊ नकोस. घरून डबा आण, वरण, भाजी, दही, तुझ्या हातच्या भाकरी. तिला बसव, तुझ्या हातानं तिचं ताट वाढ, आणि ती शेवटचा घास घेईपर्यंत तू उपाशी बस. मीही बसेन.

ता. क. ३ – लीलाबाई आत्ताच विचारून गेली, कुणाला एवढं लांबलचक लिहिताय. आक्काला म्हणालो, बोलावतोय. तिचं तोंड एवढं उजळलं की काय सांगू. म्हणते, कवा येणार तेवढं इचारा, डाळ भिजत घालाया पायजे, आक्कांना पुरणपोळी लई आवडती. तेव्हा कुठला दिवस ते कळवू नकोस. ऋषिराजला गाडी काढायला सांग आणि न सांगता ये. अकराच्या आत ये.